वाकड्या कॅनालमध्ये फाईल्सची तुलना: दात की रेझिन ब्लॉक, आणि मोजायचं कशाने?

एमडीएस एंडोडॉन्टिक्सच्या (रूट कॅनाल उपचारांच्या शाखेच्या) पहिल्या वर्षाला असलेल्या एका डॉक्टरांनी विचारलं आहे: थिसिससाठी खालच्या दाढांच्या वाकड्या कॅनालमध्ये (मुळातल्या नळीत) तीन फाईल सिस्टिम्सची (ती नळी घासून रुंद करणाऱ्या बारीक अवजारांच्या संचांची) तुलना करायची आहे. रेझिन ब्लॉक (आत वाकडी नळी असलेले प्लास्टिकचे ठोकळे) घेऊ की काढलेले दात? सीबीसीटीवर (दातांच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनवर) मोजलं तर चालेल का? आणि आधीच्या बॅचने दर गटात वीस नमुने घेतले होते, तेवढेच घेऊ का?

डॉक्टर, तिन्हींची उत्तरं देतो. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न सिनॉप्सिसमध्ये (थिसिसच्या आराखड्यात) सहसा कुणी लिहीत नाही, तो तुम्ही लिहा. तुम्हाला किती फरक दिसायला हवा आहे? समजा एका सिस्टिमने कॅनाल मूळ जागेवरून ०.०२ मिमी सरकवला आणि दुसरीने ०.०५. हा ०.०३ मिमीचा फरक तुमच्या यंत्राला दिसणार आहे का? आणि दिसलाच, तर पेशंटच्या दाताला त्याने काही फरक पडणार आहे का? हे ठरलं की बाकीचे बरेच निर्णय आपोआप होतात. ते न ठरवता निघालं तर दोन वर्षांनी हातात एक टेबल येतं, त्यात एक पी-व्हॅल्यू (संख्याशास्त्रीय चाचणीचा निकाल सांगणारा आकडा) असते, आणि व्हायव्हाला परीक्षक विचारतात की याचा अर्थ काय. तिथे भलेभले अडखळतात.

हा प्रश्न आजच इतका महत्त्वाचा का झाला, ते थोडं मागे जाऊन सांगतो. फाईल सरळ असते, आणि वाकवली की पुन्हा सरळ व्हायला बघते. त्यामुळे टोकाशी ती वळणाच्या बाहेरच्या भिंतीवर रेटते आणि मधल्या भागात आतल्या भिंतीवर. खालच्या दाढेच्या मेझियल (पुढच्या) मुळात ही आतली भिंत म्हणजे डिस्टल (मागची), फर्केशनकडची, म्हणजे दोन मुळं जिथे फुटतात तिकडची बाजू. तिथे डेंटिन (मुळाचा मुख्य कठीण थर) आधीपासूनच पातळ. स्टेनलेस स्टीलच्या जाड फाईल्सनी याचे परिणाम डोळ्यांना दिसतील इतके मोठे व्हायचे. वाइन, केली आणि लिओ यांनी १९७५ मध्ये पारदर्शक रेझिन ब्लॉकमध्ये ते दाखवून दिलं: टोकाशी फोरामेन (मुळाच्या टोकाचं छिद्र) ओढला जाऊन तयार झालेली झिप, आणि तिच्या थोडं वर कॅनाल अरुंद झालेला एल्बो. पुढे १९८० मध्ये अबू-रास, फ्रँक आणि ग्लिक यांनी फर्केशनची बाजू वाचवण्यासाठी अँटिकर्व्हेचर फाइलिंग (फाईल फर्केशनपासून दूर दाबून घासणं) सांगितलं, १९८५ मध्ये रोन आणि सहकाऱ्यांनी बॅलन्स्ड फोर्स हे फाईल दोन्ही दिशांना फिरवण्याचं तंत्र दिलं. मग १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी ऑर्थोडॉन्टिक्सच्या निटिनॉल तारेपासून १५ नंबरच्या फाईल्स बनवल्या आणि त्या स्टीलच्या तुलनेत दोन ते तीन पट लवचिक निघाल्या.

म्हणजे तेव्हाच्या अभ्यासकांना शोधायचा फरक मोठा होता. मोजमाप थोडं ढोबळ असलं तरी निभायचं. तुम्ही मात्र हीट-ट्रीटेड निकेल-टायटेनियमच्या तीन चांगल्या सिस्टिम्स एकमेकींसमोर उभ्या करणार आहात. त्या तिन्ही वळणाला बऱ्यापैकी धरून राहतात. त्यांच्यातला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो. फरक इतका बारीक झाला, पण कॉलेजांमधली मोजण्याची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी जुनीच राहिली. भाजीच्या काट्यावर सोनं तोलल्यासारखं होतं ते.

हे आकड्यांत बघू. ट्रान्स्पोर्टेशन, म्हणजे कॅनाल किती सरकला ते, काढायला जवळपास सगळेच गॅम्बिल, आल्डर आणि डेल रिओ यांची १९९६ ची पद्धत वापरतात, तुम्हीही वापराल. ठरलेल्या पातळीवर मुळाच्या मेझियल कडेपासून कॅनालच्या मेझियल कडेपर्यंतचं सर्वात कमी अंतर फाईल फिरवण्याआधी आणि नंतर मोजायचं. तसंच डिस्टल बाजूला. समजा मेझियलला आधी १.१० मिमी होतं, नंतर १.०० राहिलं, म्हणजे ०.१० गेलं. डिस्टलला ०.९५ चं ०.८० झालं, म्हणजे ०.१५ गेलं. ट्रान्स्पोर्टेशन म्हणजे ०.१० वजा ०.१५, उणे ०.०५ मिमी, उणे चिन्ह सांगतं की कॅनाल डिस्टलकडे सरकला. सेंटरिंग रेशो काढताना लहान आकडा वर घ्यायचा: ०.१० भागिले ०.१५, म्हणजे ०.६७. एक आला तर फाईल तंतोतंत मध्यभागी राहिली.

यात दोन खड्डे आहेत. पहिला चिन्हाचा. पुढच्या दातात कॅनाल मेझियलकडे ०.०५ सरकला, तर उत्तर अधिक ०.०५. दोन्हींची सरासरी शून्य! दोन्ही दातांत कॅनाल सरकलाय आणि टेबलात मात्र ती सिस्टिम निर्दोष दिसते. म्हणून अंतर किती सरकलं हे चिन्ह काढून वेगळं द्या, आणि कोणत्या दिशेला सरकलं हे वेगळं द्या. छापून आलेल्या पेपरांतही अनेकदा हे नीट स्पष्ट केलेलं नसतं, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे आपल्या चर्चेत घेताना त्यांनी कोणती सरासरी दिली आहे ते आधी बघा.

दुसरा खड्डा रेशोचा. एखाद्या पातळीवर फाईलने एका बाजूला ०.०१ आणि दुसऱ्या बाजूला ०.०३ मिमीच डेंटिन काढलं. रेशो आला ०.३३, दिसायला अगदी वाईट. प्रत्यक्षात कॅनाल ०.०२ मिमी सरकलाय. खूप कमी कापणारी, मऊ फाईल या रेशोत उगाच बदनाम होते. आणि जिथे दोन्ही बाजूंना काहीच गेलं नाही तिथे शून्य भागिले शून्य होतं. असे नमुने तुम्ही काय करणार, हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून ठेवायला हवं. रेशो द्या, पण एकटा देऊ नका.

आता सीबीसीटी. दातांसाठीच्या लहान फील्डच्या मशीनवर सर्वात बारीक व्हॉक्सेल (स्कॅनचा सर्वात लहान घन ठिपका) साधारण ७५ ते ९० मायक्रॉनचा मिळतो, आणि खरं रिझोल्यूशन व्हॉक्सेलपेक्षा ढोबळच असतं. वरच्या उदाहरणातला ०.०५ मिमी हा एका व्हॉक्सेलपेक्षाही लहान आहे. सॉफ्टवेअर दोन दशांश, कधी तीन दशांश दाखवतं, म्हणून आपण तेवढं मोजलं असं होत नाही. मायक्रो-सीटीवर (प्रयोगशाळेतल्या जास्त बारीक सीटी स्कॅनवर) १० ते २० मायक्रॉनचा व्हॉक्सेल सहज मिळतो, आधीचा आणि नंतरचा स्कॅन एकमेकांवर बसवता येतो, आणि संपूर्ण कॅनालचं आकारमान, पृष्ठभाग, फाईल न लागलेल्या भिंती हे सगळं कळतं. पीटर्स, शोनेनबर्गर आणि लाइब यांच्या २००१ च्या मायक्रो-सीटी अभ्यासात वरच्या दाढांमध्ये चारही तंत्रांनी कॅनालच्या पृष्ठभागाचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग अस्पर्श राहिला होता. तीन पातळ्यांवर पट्टी लावून हे कधीच दिसलं नसतं.

तर मायक्रो-सीटी मिळत असेल तर तीच घ्या. मिळणं हे तुमच्या गावावर, कॉलेजच्या ओळखींवर आणि खिशावर अवलंबून आहे, हे मला माहीत आहे. एका दाताचे दोन स्कॅन म्हणजे खर्च दुप्पट. जवळच्या अभियांत्रिकी किंवा विज्ञान संस्थेत मटेरियल्सच्या विभागात चौकशी करा. दात छोटे असतात, एका वेळी अनेक दात एका होल्डरमध्ये बसवता येतात का, ते विचारा. खर्च त्यामुळे बराच खाली येतो.

नाहीच मिळाली तर? इथे माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे. सीबीसीटीपेक्षा ब्रामांते, बेर्बेर्त आणि बोर्जेस यांची १९८७ ची मफल पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. दात रेझिनमध्ये साच्यात बसवायचा, मायक्रोटोमने आडव्या चकत्या कापायच्या, स्टिरिओमायक्रोस्कोपखाली फोटो काढायचे, चकत्या पुन्हा साच्यात जोडून कॅनाल तयार करायचा आणि त्याच चकत्यांचे पुन्हा फोटो. कापताना ब्लेडच्या जाडीइतका दात जातो, चकत्या नीट घट्ट बसल्या नाहीत तर पायरी पडते, आणि फक्त कापलेल्याच पातळ्या दिसतात. पण चांगल्या मोठेपणावर काढलेल्या फोटोत डेंटिनची कड सीबीसीटीपेक्षा स्वच्छ दिसते. कष्ट मात्र आहेत.

आणि सीबीसीटीशिवाय पर्यायच नसेल, तर ती वापरा, पण आधी एक गोष्ट करा. माझ्या विभागात हे मी प्रत्येकाकडून करून घेतो. पायलटसाठी (चाचणीच्या छोट्या फेरीसाठी) काही दात घ्या, पुटीच्या किंवा कोल्ड-क्युअर अ‍ॅक्रेलिकच्या साच्यात बसवून स्कॅन करा. दात साच्यातून बाहेर काढा, फाईल अजिबात लावू नका, परत साच्यात ठेवा आणि पुन्हा स्कॅन करा. मग सगळं मोजमाप करा, जणू काही प्रिपरेशन झालंच आहे. ट्रान्स्पोर्टेशन शून्य यायला हवं. ते शून्य येत नाही. जे काही येतं, ती तुमच्या साच्याची, स्कॅनची आणि माउसवरच्या हाताची मिळून झालेली चूक. ती ०.०८ मिमी निघाली आणि तुम्ही ०.०३ मिमीचा फरक शोधायला निघाला असाल, तर विषय तिथेच बदला. अजून वेळ गेलेली नाही. मफल पद्धतीतही हीच रिकामी फेरी करता येते, चकत्या उघडून पुन्हा बंद करून. हे आकडे थिसिसमध्ये छापा. परीक्षकांना यातून कळतं की या माणसाला आपण काय मोजतोय हे ठाऊक आहे.

ब्लॉक की दात? ब्लॉकचा मोठा गुण म्हणजे सगळे कॅनाल एकसारखे. फरक आला तर तो फाईलमुळेच, दातामुळे नाही. पण रेझिनची सूक्ष्म कठीणता साधारण २० ते २२ धरली जाते आणि कॅनालजवळच्या डेंटिनची ३५ ते ४०, दोन्ही किलो प्रति चौरस मिलिमीटर. शिवाय रोटरी फाईलच्या उष्णतेने रेझिन मऊ होतं आणि पात्यांना चिकटतं. त्यामुळे ब्लॉकमध्ये कापण्याचा वेग, फाईल तुटण्याचं प्रमाण, डेब्री (घासून निघालेला भुसा), यातलं काहीही दातांना लावू नका. ब्लॉकमधलं वळणही एकाच प्रतलात असतं. नव्या सिस्टिमचा आकाराबाबतचा स्वभाव बघायला, किंवा हातखंडा नसलेल्या विद्यार्थ्यांची तुलना करायला ब्लॉक उत्तम. तुमच्या विषयाला दात घ्या.

दात घेतले की खरी मेहनत निवडीत आहे, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक अभ्यास इथेच फसतात. श्नायडर यांची १९७१ ची पद्धत सर्वांना पाठ असते: एक रेष कॅनालच्या वरच्या भागाच्या अक्षाला धरून, दुसरी फोरामेनपासून कॅनाल जिथे अक्ष सोडतो त्या बिंदूपर्यंत, आणि दोन्हींमधला कोन. पाच अंशांपर्यंत सरळ, १० ते २० मध्यम, २५ ते ७० तीव्र. पण कोन सारखा असूनही दोन कॅनाल अगदी वेगळे असू शकतात. एकात ३० अंशांचं वळण सबंध मुळात हळूहळू पसरलेलं, दुसऱ्यात शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये एकदम. प्रुएट, क्लेमेंट आणि कार्न्स यांनी १९९७ मध्ये कोनाबरोबर त्रिज्याही मोजली. त्यांच्या धातूच्या कृत्रिम कॅनालमध्ये त्रिज्या ५ मिमीवरून २ मिमीवर आली की फाईल कमी फेऱ्यांत तुटत होती. त्यांचा विषय फाईलचा थकवा होता, पण निवडीसाठी धडा तोच: कोन आणि त्रिज्या दोन्ही द्या.

आणि एक्स-रे दोन बाजूंनी काढा. कनिंगहॅम आणि सेनिया यांनी १९९२ मध्ये खालच्या दाढांच्या मेझियल कॅनालचा त्रिमितीय अभ्यास केला, तेव्हा नेहमीच्या बाजूने आणि प्रॉक्झिमल बाजूने, दोन्हीकडून बघता सगळ्याच कॅनालना वळण होतं. क्लिनिकमध्ये आपल्याला एकच बाजू दिसते. प्रयोगशाळेत तरी दुसरी बघायची सोय आहे, ती वाया घालवू नका. मेझियल मुळातले दोन कॅनाल शेवटपर्यंत वेगळे असलेलेच दात घ्या. एकत्र मिळणारे घेतले तर दुसऱ्या कॅनालचं काम पहिल्याच्या एपेक्सवर (मुळाच्या टोकावर) उमटतं.

दातांची बरणी हा आणखी एक विषय. ओरल सर्जरीतून येणाऱ्या बरणीत वीस वर्षांच्या मुलाची आणि सत्तरीतल्या आजोबांची दाढ शेजारी असते, कधी फॉर्मलिनमध्ये तर कधी सलाइनमध्ये. म्हाताऱ्या दातातला कॅनाल अरुंद, डेंटिन कठीण. निदान काढल्यापासून एकाच द्रावात ठेवा, मी ०.१ टक्के थायमॉल वापरतो. मग सगळे दात कोन, त्रिज्या आणि कॅनालचं आकारमान किंवा रुंदी यांनुसार तिघा-तिघांच्या जुळलेल्या संचांत लावा, आणि प्रत्येक संचातला एकेक दात चिठ्ठी टाकून गटात घाला. बरणीतून जसे हाताला येतील तसे दात गटांत वाटले, तर दातांमधलाच फरक फाईलच्या नावावर जमा होतो.

मुकुट कापून सगळ्यांची लांबी सारखी करायची प्रथा आहे. सोय म्हणून ठीक, पण मुकुट गेला की फाईल थेट, सरळ आत जाते आणि वळणावरचा ताण कमी होतो. तुमचा विषयच वळण असेल तर मुकुट ठेवा आणि नेहमीसारखा अ‍ॅक्सेस करा.

सिस्टिम निवडताना शेवटचा आकार बघा. रेसिप्रॉक आर२५ टोकाशी २५ नंबर आणि आठ टक्के टेपर (टोकाकडून वर वाढत जाणारी जाडी), वेव्हवन गोल्ड प्रायमरी २५ आणि सात टक्के, प्रोटेपर गोल्ड एफ२ २५ आणि आठ टक्के. चार किंवा सहा टक्क्यांची एखादी सिस्टिम यांच्याशी ताडली आणि तिने कॅनाल कमी सरकवला, तर ते श्रेय फाईल फिरण्याच्या हालचालीचं, धातूचं की नुसतं कमी टेपरचं, हे कुणालाच सांगता येणार नाही. तुमच्या तीन सिस्टिम्समध्ये एकच गोष्ट वेगळी ठेवता आली तर उत्तम. नाही आली तर निष्कर्षात "ही सिस्टिम" असं लिहा, "ही हालचाल" असं लिहू नका.

बाकीचं झटपट: सगळ्यांचा ग्लाइड पाथ (फाईलसाठी आधी केलेली बारीक वाट) एकाच नंबरपर्यंत, वर्किंग लेंग्थ (फाईल किती खोल जायची ती लांबी) एकाच नियमाने, सोडियम हायपोक्लोराइट आणि ईडीटीए या धुण्याच्या द्रावांचं प्रमाण व वेळ सारखी, सगळी प्रिपरेशन्स एकाच हाताची, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नसावा. एक फाईल किती कॅनालना वापरायची ते आधी ठरवा. हीट-ट्रीटेड धातूचा स्वभाव तापमानावर बदलतो, म्हणून जमल्यास दात ३७ अंशांच्या पाण्यात धरून काम करा. सुरुवात करण्याआधी प्रत्येक सिस्टिमवर हात बसेपर्यंत वेगळ्या दातांवर सराव करा, नाहीतर रोजच्या वापरातली फाईल आधीच जिंकलेली असते.

आता वीसचं काय? वीस हा आकडा परंपरेतून आलाय, गणितातून नाही. पायलटमध्ये आकड्यांचा विखुरलेपणा किती आहे ते बघा. समजा स्टँडर्ड डेव्हिएशन ०.०५ मिमी आहे. दोन गटांची साधी तुलना, ८० टक्के पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता), पाच टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरला, तर ०.०५ मिमीचा फरक पकडायला दर गटात १७ दात पुरतात. ०.०२५ मिमीचा पकडायचा असेल तर ६४ लागतात. फरक निम्मा, दात जवळपास चौपट. तीन गटांत आणखी थोडे वाढतात, ते स्टॅटिस्टिशियनकडून काढून घ्या, आणि दात गोळा करायच्या आधी त्यांना भेटा. त्यांना हेही स्पष्ट सांगा की तुम्ही एकाच दातात ३, ५ आणि ७ मिमीवर मोजणार आहात. वीस दात गुणिले तीन पातळ्या म्हणजे साठ नमुने असं होत नाही. एकाच मुळातली ती तीन मापं आहेत, एकमेकांशी बांधलेली. ती वेगवेगळी मोजली की पी-व्हॅल्यू फसवी लहान येते.

"किती फरकाला महत्त्व द्यायचं" यावर एकमताचा आकडा नाही, पण आधार घेण्यासारखे दोन आहेत. वू, फॅन आणि वेसेलिंक यांनी २००० मध्ये दाखवलं की एपेक्सशी ट्रान्स्पोर्टेशन ०.३ मिमीच्या पुढे गेलं तर ऑब्च्युरेशनचं (कॅनाल भरून बंद केल्यावरचं) सील बिघडू शकतं. आणि लिम व स्टॉक यांनी १९८७ मध्ये फर्केशनच्या बाजूला उरलेल्या डेंटिनसाठी ०.२ ते ०.३ मिमीची मर्यादा धरली होती. म्हणून मला तुमच्या थिसिसमध्ये सरासरीपेक्षा एक वेगळा रकाना बघायला आवडेल: प्रत्येक गटात किती दात ०.३ मिमीच्या पुढे गेले, आणि डिस्टल भिंत सर्वात पातळ कुठे आणि किती उरली. तिन्ही सिस्टिम्स सर्व दातांत मर्यादेच्या आत राहिल्या, तर तेही उत्तरच आहे, आणि खुर्चीजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरला ते "पी ०.०५ पेक्षा कमी" यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

गाइडना हे कसं सांगायचं, हाही तुमच्या प्रश्नामागचा प्रश्न असावा. वाद घालू नका. रिकाम्या फेरीचे आकडे एका कागदावर घेऊन जा आणि टेबलावर ठेवा. सोबत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राइल मार्गदर्शक सूचनांची यादी न्या. एंडोडॉन्टिक्समधल्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासांसाठीच त्या बनवल्या आहेत, आणि पुढे पेपर पाठवताना तशाही उपयोगी पडतील. सीबीसीटीवरच करायचं ठरलं, तर शीर्षकातली "तीन सिस्टिम्सची तुलना" तशीच ठेवा, पण उद्दिष्टात लिहा: "०.३ मिमीपेक्षा जास्त ट्रान्स्पोर्टेशन झालेल्या कॅनालचं प्रमाण". एवढं सीबीसीटीला दिसतं. पायलटचे आकडे आले की इथेच टाका, दात किती लागतील ते एकत्र बसून काढू.